उतारा कानडीत, वारस पुण्यात : जमिनीच्या धंद्याच्या वेबसाइटच्या नोंदी

भावजी आणि त्यांचे दोन भागीदार मिळून बेळगाव-खानापूर पट्ट्यात जागांचा धंदा करतात. वाटणीत अडकलेली, वारसांत लोंबकळत पडलेली जागा घ्यायची, कागद सरळ करायचे, पुढं विकायची. त्यांची वेबसाइट मी केली. याआधी मी उद्यमबागच्या कारखान्यांच्या साइट्स करत होतो, म्हणजे पंप, कास्टिंग, हायड्रॉलिकचे कॅटलॉग. जमिनीचं काम पहिलंच. कुणी असंच काम हाती घेणार असेल तर माझे हे पाच महिने वाचून घ्या.

9 जून 2025

सुरुवात. भावजींची यादी : वर उडत्या ड्रोनचा व्हिडिओ, खाली 'गुंतवणूक करा' असं मोठं बटण, कानडी-मराठी-इंग्रजी तिन्ही भाषा, आणि 'गुगलवर पहिलं यायला पाहिजे बघ'. कधीपर्यंत? गणपतीच्या आत.

पहिला घोळ नावावरच झाला. डोमेनमध्ये शहराचं स्पेलिंग कोणतं घालायचं? नाव अधिकृतपणे 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, पण माणसं अजून जी-ए-यू-एमवालं जुनं स्पेलिंगच टाइप करतात. दोन्ही घेतली आणि जुनं नव्याकडं वळवलं. दोन्ही डोमेनचे मिळून 1,640 रुपये. होस्टिंग वर्षाला 4,200. वर्डप्रेस (साइट बांधायची तयार प्रणाली), साधी फुकट थीम.

14 जून

ड्रोनचा व्हिडिओ 38 एमबीचा. ऑफिसच्या वायफायवर झकास चालला, भावजी खूश. संध्याकाळी आक्काच्या फोनवर जांबोटीकडच्या शेतातून उघडून बघितलं तर अकरा सेकंद नुसता पांढरा पडदा. आक्का म्हणाली, "काय करूलास रे, काहीच दिसत नाही की."

साइटचा वेग मोजणाऱ्या गुगलच्या पेजस्पीडवर मोबाइलचा आकडा 11.2 सेकंद आला. मुख्य चित्र दिसायला अडीच सेकंदांपेक्षा जास्त लागू नये असा गुगलचा निकष आहे. व्हिडिओ काढला, त्याच्या जागी 90 केबीचं एक स्थिर चित्र ठेवलं. 3.1 सेकंद. भावजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ड्रोनवाल्याला दिलेले 6,000 रुपये गेले ते गेलेच.

19 जून

मजकूर वकिलांना दाखवला. ही गोष्ट पहिल्या दिवशी करायला पाहिजे होती.

'आमच्याकडं पैसे गुंतवा, वर्षाला 18 टक्के खात्रीशीर परतावा' ही ओळ भावजींनी फार हौसेनं लिहिली होती. वकिलांनी तिच्यावर लाल पेननं आडवी रेघ ओढली आणि विचारलं, "लोकांकडून ठेवी गोळा करायला परवानगी आहे का तुमच्याकडं?" अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आहे, त्यात अशी जाहिरातसुद्धा येते. संपूर्ण 'गुंतवणूकदार' विभाग काढावा लागला. त्यावर माझे तीन दिवस गेले होते.

दुसरं म्हणजे यादीतले चार प्लॉट एका नव्या लेआउटमधले होते. 500 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त युनिट्सचा प्रकल्प रेरात, म्हणजे बांधकाम-लेआउट प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणात, नोंदवावा लागतो. त्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता ठळक द्यावा लागतो. आणि वेबसाइट ही जाहिरातच. आता प्लॉटच्या फॉर्ममध्ये रेरा क्रमांकाचा रकाना आहे, आणि लेआउटचा प्लॉट असून तो रिकामा असेल तर पान प्रकाशितच होत नाही.

27 जून

फोटो. पावसात बेळगावचा प्रत्येक प्लॉट सारखाच दिसतो : हिरवा. हद्दीचे दगड गवतात बुडालेले. मच्छ्याच्या एका जागेत कोपऱ्याचा दगड शोधायला आम्ही दोघं कोयता घेऊन अर्धा तास फिरलो. सापडला तेव्हा त्याच्यावरचा चुना धुऊन गेलेला. पुन्हा चुना फासला, मग फोटो काढला. तोच फोटो पुढं सगळ्यात जास्त बघितला गेला. गिऱ्हाइकाला आभाळ नाही, हद्द बघायची असते.

नकाशावरची खूण मी ऑफिसात बसून अंदाजानं टाकली होती. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार त्या खुणेवर विसंबून भलत्याच भाताच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले. फोन केला तेव्हा त्यांनी फार सभ्य भाषेत मला झापलं. तेव्हापासून खूण जागेवर उभं राहूनच टाकतो.

फोनचे फोटो 4 ते 6 एमबीचे. सगळे 1200 पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात केले की सरासरी 120 केबी होतात.

5 जुलै

फॉन्टमध्ये दोन दिवस गेले. देवनागरीचा फॉन्ट हलका करायला एका ऑनलाइन साधनानं तो कापून घेतला. आकार निम्म्यावर आला आणि 'सर्व्हे'चा रफार सुटून शेजारी उभा राहिला, 'क्षेत्र'चे तुकडे झाले. अक्षरं राहिली होती, जोडाक्षरं बांधायचे नियम कापले गेले होते. माझ्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट आधीपासून बसवलेला, त्यामुळं मला सगळं ठीक दिसत होतं. ऑफिसातल्या मुलीनं दाखवलं तेव्हा कळलं.

शेवटी 'मुक्त' नावाचा फॉन्ट न कापता घेतला, पण दोनच जाडींचा. कानडीचा फॉन्ट फक्त कानडी अक्षरं असलेल्या पानावरच उतरतो.

12 जुलै

ही नोंद मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकानं वाचावी.

मी पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले होते. मराठी साइट, मराठी पत्ते, अभिमानानं. मच्छ्याच्या पाच प्लॉटची शीर्षकं 'बेळगाव खानापूर रस्त्यालगत मच्छे येथील...' अशी सुरू होणारी. पत्ता बघितला तर तो 'रस्त्यालग' इथं तुटलेला. शेवटचा 'त' नाही, मच्छे नाही, प्लॉट नंबर नाही. पाचही पानांचा पत्ता जवळपास तोच आणि शेपटाला दोन, तीन, चार असे आकडे.

कारण असं : वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग 200 अक्षरांपर्यंतच ठेवतं. देवनागरीचं एकेक अक्षर पत्त्यात साठवताना टक्क्यांच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं खातं. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. म्हणजे हातात बावीस अक्षरं. 'बेळगाव' सहा, 'खानापूर' सात, मग 'रस्त्यालगत'ची नऊच बसली आणि दहावं बाहेर. मी बोटांनी मोजून बघितलं, मधल्या दोन रेघा धरून बरोबर 200 भरतात.

शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची चार ओळींची माळ दिसायची. एकानं विचारलं, "हे व्हायरस आहे का?"

आता पत्ते रोमन लिपीत आणि आखूड : गाव, प्लॉट नंबर, बस. शीर्षक मात्र पूर्ण मराठीत. 41 पानं हातानं बदलली, जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर वळणं दिली. दीड दिवस.

2 ऑगस्ट

कुठंतरी वाचून 24 गावांची 24 पानं केली होती. येळ्ळूर, हिंडलगा, उचगाव, कंग्राळी, पिरनवाडी... मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. सर्च कन्सोलमध्ये (गुगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं साधन) त्यातली एकोणीस 'बघितलं, पण यादीत घेतलं नाही' या खान्यात पडलेली. बरोबरच आहे. येळ्ळूरच्या माणसाला त्या पानावर येळ्ळूरचं काहीच मिळत नव्हतं.

एकोणीस पानं उडवली. उरलेल्या पाचांत खरी माहिती घातली : मुख्य रस्त्यापासून अंतर, पाण्याची सोय, जागा बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत की ग्रामपंचायतीच्या, पंचायतीची असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या संगणकीय नोंदीचा, 9 आणि 11 नमुना आहे का.

14 ऑगस्ट

सगळ्यात महाग चूक. अकरा दिवस चौकशीचा फॉर्म बंद होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

भावजी रोज विचारायचे, "कुणी फॉर्म भरला का?" मी म्हणायचो, पावसाळा आहे, श्रावण आहे, लोक जागा बघत नाहीत. कारणं मला भरपूर सुचत होती. मग हिंजवडीहून एका माणसानं थेट फोन केला : "तीनदा भरला फॉर्म. नुसतं चक्र फिरतंय."

झालं असं की वेगासाठी मी पानं सात दिवस कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रत साठवून, ठेवली होती. फॉर्मबरोबर सुरक्षेसाठी एक टोकन जातं, ते चोवीस तासांत शिळं होतं. पाहुण्याला पाच दिवसांपूर्वीचं पान आणि पाच दिवसांपूर्वीचं टोकन मिळायचं, सर्व्हर ते नाकारायचा. मी रोज तपासत होतो, पण ॲडमिन म्हणून आत शिरलेल्या अवस्थेत. आत असलेल्याला कॅशमधलं पान मिळतच नाही, त्यामुळं माझा फॉर्म दरवेळी सुखरूप जायचा.

फॉर्म असलेली पानं कॅशमधून वगळली. त्याशिवाय दर पानावर व्हॉट्सॲपचं बटण दिलं, प्लॉट नंबर आधीच लिहिलेला संदेश उघडतो. आता दर सोमवारी मी खाजगी खिडकीतून, आक्काच्या फोनवरून फॉर्म भरतो. नाव 'चाचणी सोमवार'.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. साइट लोकांसाठी उघडीच आहे, पण भावजींच्या यादीतलं अर्धं काम शिल्लक. आठ दिवस सुट्टी.

6 सप्टेंबर

खरेदीखर्चाचा हिशेब करणारं गणकयंत्र साइटवर ठेवलं होतं. त्यात दोन चुका निघाल्या, एक माझी आणि एक काळाची.

काळाची : 31 ऑगस्टपासून कर्नाटकात नोंदणी शुल्क 1 टक्क्याचं 2 टक्के झालं. शहरातल्या 50 लाखांच्या प्लॉटला मुद्रांक 5 टक्के म्हणजे 2,50,000, त्या रकमेवर 10 टक्के उपकर 25,000, 2 टक्के अधिभार 5,000. वर नोंदणी आधी 50,000 होती, आता 1,00,000. एकूण 3,80,000. गावाकडं अधिभार 2 ऐवजी 3 टक्के.

माझी : 45 लाखांच्या आत 3 टक्के मुद्रांक असं वाचलं आणि सगळ्यांना लावलं. ती सवलत नव्या फ्लॅटच्या पहिल्या खरेदीला आहे, प्लॉटला नाही. 40 लाखांच्या प्लॉटला मी उपकर-अधिभारासह 1,34,400 दाखवत होतो, खरे 2,24,000. म्हणजे 89,600 रुपये कमी. एक जण संचकार देऊन बसला होता (पुण्याकडं विसार म्हणतात ते), त्याला भावजींनी स्वतः जाऊन सांगितलं. व्यवहार मोडला नाही, पण चहा कडू झाला.

दर मी तिन्ही भाषांच्या पानांत वेगवेगळे लिहून ठेवले होते. मराठी, इंग्रजी सुधारलं आणि कानडी विसरलो, सहा दिवस तिथं जुनाच दर होता. आता दर एकाच जागी, पाने तिथून उचलतात, आणि खाली दर कोणत्या तारखेचा ते छापतं.

20 सप्टेंबर

सर्च कन्सोल तीन तास वाचत बसलो. हे जूनमध्येच एखादं साधं पान टाकून करता आलं असतं.

आम्ही साइट विकत घेणाऱ्यांसाठी बांधली. 'प्लॉट विकणे आहे' या शब्दांवर मोठमोठ्या जाहिरात-साइट्स वर बसल्यात, तिथं आमचं नाव चौथ्या पानावर. पण तळाला वेगळेच शोध दिसले. 'बेळगाव जमीन उतारा मराठीत', 'कानडी उतारा कसा वाचायचा', 'आजोबांच्या नावावर जमीन खानापूर', 'वारस नोंद कर्नाटक'. शोध थोडे, पण आमच्यावर येऊन टेकणारे. कारण या शब्दांवर दुसरं कुणी काही लिहिलेलंच नाही.

भावजींना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "मग? आमचा माल तिथूनच येतोय की." तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्यांचा धंदा विकण्यावर नाही, घेण्यावर चालतो. आणि विकणारा माणूस डोंबिवलीत नाहीतर पिंपरीत बसलाय, त्याच्या हातात कानडी उतारा आहे आणि त्याला त्यातला एक शब्द वाचता येत नाही. ही गोष्ट भावजींनी मला कधी सांगितली नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती.

28 सप्टेंबर

उताऱ्याचं पान. ऑफिसातली मुलगी कानडी माध्यमातली. ती एकेक रकाना वाचायची, मी लिहायचो, भावजी मध्येच दुरुस्त करायचे. रकाना 3 क्षेत्र, 9 मालकाचं नाव, 10 जमीन कशी आली आणि त्याचा फेरफार नंबर, 11 इतर हक्क आणि बोजा, 12 कसणारा कोण. खराबाचे दोन प्रकार : 'अ' हे मालकाच्याच ताब्यातलं न पिकणारं, 'ब' हे वाट-नाल्यासारखं सार्वजनिक. 'ब' धरून किंमत सांगणारा फसवतो किंवा फसलेला असतो.

हे लिहिताना स्वतःचीच चूक सापडली. उताऱ्यावर क्षेत्र '2-20' असं येतं. मी साइटच्या डेटाबेसमध्ये ते 2.20 एकर म्हणून भरत होतो. पण ते दोन एकर वीस गुंठे. एकराला चाळीस गुंठे, म्हणजे ते अडीच एकर. माझ्या टिंबानं बारा गुंठे गिळले होते, 13,068 चौरस फूट. एकरी भाव त्यामुळं चढा दिसायचा आणि भावजी म्हणायचे, लोक फोन का करत नाहीत. महाराष्ट्रातला सातबारा बघायची सवय असलेल्या वारसांचीही हीच फसगत होते, तिकडं हेक्टर-आर आहे आणि टिंब चालतं.

आता एकर आणि गुंठे हे दोन वेगळे रकाने. आतमध्ये सगळं गुंठ्यांत साठवतो : 2-20 म्हणजे 100 गुंठे. सतरा शेतजमिनी पुन्हा भरल्या.

पानाच्या शेवटी एकच ओळ : 'उताऱ्याचा फोटो पाठवा, काय लिहिलंय ते मराठीत सांगू. पैसे नाहीत.' भागीदारांपैकी एकाला ही ओळ अजिबात आवडली नाही.

11 ऑक्टोबर

फोटो यायला लागले. उतारे, वाटणीपत्रं, एकानं तर मोडीतलं खरेदीपत्र पाठवलं. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने कागद मोडी-मराठीत, नवे कानडीत, आणि घरातल्या कुणालाच दोन्ही येत नाहीत असं सर्रास आहे.

आणि याच गडबडीत माझी दुसरी मोठी चूक. वकिलांना लिंक पाठवता यावी म्हणून मीच ऑफिसात सांगितलं होतं की कागद वर्डप्रेसच्या मीडियात टाकत चला. मीडियातल्या प्रत्येक फाइलचं स्वतंत्र पान तयार होत होतं आणि ते साइटमॅपमध्ये, म्हणजे गुगलला दिल्या जाणाऱ्या पानांच्या यादीत, जात होतं. काल एका वारसाचं नाव सहज गुगलवर टाकलं तर त्यांचं वाटणीपत्र वर आलं, आधार कार्डाच्या प्रतीसकट.

रात्री एक वाजेपर्यंत : आधी फाइली खोडल्या, मग सर्च कन्सोलमधून काढून टाकायची विनंती. नुसती विनंती पुरत नाही, ती सहा महिन्यांपुरतीच लपवते, मूळ फाइल जायलाच पाहिजे. रोबोट्सच्या फाइलमध्ये (कोणती पानं बघू नयेत हे गुगलला सांगणारी फाइल) मनाई लिहूनही भागत नाही, आधीच यादीत गेलेलं त्यानं बाहेर येत नाही. मीडियाची पानं बंद केली. कागद आता साइटवर येतच नाहीत, ऑफिसच्या फोनवर येतात आणि तिथून कुलूपबंद फोल्डरमध्ये जातात.

सकाळी नऊ जणांना फोन करून काय झालं ते सांगितलं. भावजींनी केले, मी शेजारी बसून होतो. दोघं चिडले. एकानं कागद परत मागितले आणि विषय संपवला. ती जागा चांगली होती.

4 नोव्हेंबर

हिशेब. डोमेन, होस्टिंग 5,840. ड्रोन 6,000, पाण्यात. वकील 5,000. फोटोसाठी पेट्रोल, चुना, एक कोयता मिळून 2,300. बाकी माझे पाच महिने, त्यातले किमान सव्वा महिना स्वतःच्या चुका निस्तरण्यात. मोबाइलवर पहिलं पान 2.1 सेकंदांत.

उताऱ्याचं पान एकटं बाकी सगळ्या साइटइतकी माणसं आणतं. त्यातून आलेल्या सात जागांची बोलणी चालू आहेत, एकीचा संचकार झाला. 'पहिलं यायला पाहिजे' म्हणणाऱ्या भावजींना आता कितवे आलो याची काही पडलेली नाही.

राहिलेलं काम : कानडी पानावर तारीख अजून मराठी महिन्यातच येते. शोधाच्या गाळणीत 'गुंठे' आणि 'चौरस फूट' एकत्र निवडले की शून्य जागा दिसतात.

दुपारी डोंबिवलीहून एका आजींचा फोन आला. उतारा हातात, चष्मा लावून आमचं पान समोर. अकराव्या रकान्यात काय आहे ते अक्षरांचे आकार सांगून विचारत होत्या : "एक गोल आहे, त्याच्या डोक्यावर तुरा, शेजारी उलटं नऊसारखं." ऑफिसातली मुलगी कागदावर काढत गेली. पतसंस्थेचं कर्ज निघालं, त्यांच्या सासऱ्यांच्या नावचं. "ते तर मी स्वतः फेडलंय हो," आजी म्हणाल्या, "पावती आहे माझ्याकडं." भावजींनी खुर्ची ओढली आणि फोन घेतला.